साहेबांसाठी स्वरांजली

बुवांनी साउंड कार्ड विकत आणलं आणि घरातल्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. बुवा म्हणजे पाणीपुरवठा कचेरीतले हेडक्लार्क. गाण्याच्या नादामुळे ऑफिसने त्यांना हे नाव दिलं होतं. त्यातली कुचेष्टा त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती. साहेब निवृत्त होत होते आणि जाताना आपल्या खुर्चीसाठी कोणाचं तरी नाव सुचवणार होते. ते आपलंच असावं म्हणून बुवांनी निरोपाचं गीत रचलं, त्याला चालही लावली. अडचण एवढीच, की चार माणसांसमोर उभं राहिलं की बुवांचा गळा बसायचा आणि पाय लटपटायचे. म्हणून गाणं घरीच रेकॉर्ड करून समारंभात वाजवायचं ठरलं.

कॉम्प्युटरला जोडायची ती छोटीशी डबी मेहुण्याने निवडली होती. मेहुण्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं मेहुण्याचं मत होतं.

"भावोजी, हे कार्ड म्हणजे चीज आहे. टाचणी पडली तरी पकडेल."

ते मात्र खरं निघालं. कार्डाने पंखा पकडला, फ्रिज पकडला, शेजारच्या आजोबांचा खोकला पकडला, आणि पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कच्या घरातला गळका नळही पकडला. बुवांनी पंखा आणि फ्रिज बंद केले, नळाखाली फडकं ठेवलं आणि बायकोला बोलायची बंदी केली.

"आणि शिंक आली तर?" तिने विचारलं.

"जिन्यात जाऊन शिंक."

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं. बुवांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि आलाप घेतला. त्यांचाच आवाज त्यांना कानात किंचित उशिरा ऐकू येत होता. मागे पडलेल्या आवाजाला सोबत घ्यावं म्हणून ते जरा रेंगाळले, तर आवाज आणखी रेंगाळला. असं एकमेकांची वाट बघत दोघे शेवटच्या कडव्याशी पोचले तेव्हा बुवांना धाप लागली होती. निरोपाचं गीत काही केल्या निरोप घेत नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी मेहुणा आवाज साफ करायला हजर झाला.

"सोपं असतं, भावोजी. नको असलेला आवाज कॉम्प्युटरला एकदा दाखवायचा. मग तो अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तेवढाच वेचून काढतो."

बुवा निश्चिंत मनाने दाढी करायला गेले. मेहुण्याने हेडफोन लावला, तर सुरुवातीलाच भलीमोठी घरघर. हाच तो नको असलेला आवाज, हे त्याने ताडलं, नेमका तेवढा तुकडा दाखवला आणि बटण दाबलं. तो बुवांचा आलाप होता. कॉम्प्युटरने इमानेइतबारे बुवांना पहिल्यापासून शेवटपर्यंत काढून टाकलं.

निघायच्या घाईत बुवांनी सुरुवात तेवढी ऐकली.

"स्वच्छ झालंय रे. पण आलाप कुठाय?"

"येईल की. आधी वातावरण तयार व्हायला नको?" मेहुणा म्हणाला. 'ठाऊक नाही' हे शब्द त्याने आयुष्यात उच्चारले नव्हते.

समारंभात भाषणांनी सगळे अर्धमेले झाल्यावर टंकलेखक बाईंनी जाहीर केलं, "आता बुवा साहेबांना स्वरांजली वाहतील." बुवांनी कळ दाबली. सभागृहात गाढ शांतता पसरली. पेंगत असलेल्या कॅशियरच्या कानात 'अंजली' एवढंच शिरलं होतं. त्यात ही शांतता. तो उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याला पाहून त्याची रांग उठली, मग सगळं ऑफिस उठलं. एकट्याने बसून राहणं बरं दिसेना, म्हणून शेवटी साहेबही उभे राहिले.

आणि त्या शांततेत स्पीकरमधून बुवांच्या बायकोचा आवाज आला. स्वयंपाकघरात ती बहिणीशी फोनवर बोलत होती, ते कार्डाने चोख टिपलं होतं.

"रडतंय कोण? अगं, कोणी नाही, हेच आहेत. सकाळपासून असंच चाललंय. साहेब कायमचे निघालेत ना, त्यांच्यासाठी..."

पुढे काय येणार, याचा बुवांना अंदाज होता. बायकोचं साहेबांविषयीचं मत त्यांना पाठ होतं, कारण ते तिला त्यांनीच दिलं होतं. त्यांनी झेप घेऊन वायर उपटली.

कोणी हललं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बुवा," त्यांचा आवाज भरून आला होता, "मला वाटायचं, इथे सगळे माझ्या जाण्याचीच वाट बघताहेत."

कॅशियरने मान आणखी खाली घातली.

"वरून मला मुदतवाढीबद्दल विचारलं होतं. मी नको म्हणणार होतो. पण आता इथून माझा पाय निघत नाही."

सगळं ऑफिस साहेबांकडे न बघता बुवांकडे बघत होतं. टाळी कोणीच वाजवेना, तेव्हा पहिली टाळी बुवांनाच वाजवावी लागली.

घरी बायकोने उत्सुकतेने दार उघडलं. "काय हो, आवडलं का साहेबांना गाणं?"

बुवा चपला काढता काढता म्हणाले, "इतकं आवडलं, की ते आता जातच नाहीत."