अंगाईच्या कार्यक्षमतेचा अहवाल

संस्कृती दुपारी झोपत नव्हती. सात महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत हे सर्वसाधारणच. परंतु तिची आई माधवी इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई. असल्याने सदर बाब गंभीर ठरली. बाळाजवळ मोबाईल नको, असं मातांच्या ग्रुपवर एकमताने ठरलेलं. म्हणून माधवीने जळोचीतल्या घरी काडेपेटीएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डावर अंगाईचं यंत्र जुळवलं. त्यात रेकॉर्ड केलेलं काही नव्हतं. प्रत्येक सूर बोर्ड तिथल्या तिथे गणित करून बनवी.

पहिल्याच दुपारी पोरगी पाचव्या मिनिटाला झोपली.

"लागला गं बाई डोळा!" सासूबाई दगडाबाई कुजबुजल्या.

माधवीला मात्र सहाव्या मिनिटाला एक सूर तुटल्यासारखा वाटला. बोर्डाला गणित झेपत नसेल तर? तुटक सुरांचा मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे तिने ग्रुपवर विचारलं. एकोणीस उत्तरं आली, एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. मोजणं क्रमप्राप्त झालं.

बोर्डावरचा भार मोजणारा प्रोग्रॅम तिने त्याच बोर्डावर चढवला. त्या प्रोग्रॅमच्या भाराने अंगाई आता खरोखरच अडखळू लागली. संस्कृती दचकून रडली. शंका रास्त होती, अशी नोंद झाली.

नवरा रविराज वडगाव निंबाळकरला दूध संकलन केंद्रात फॅट मोजतो. तो म्हणाला, "मोजायचं मशीन येगळं पायजे. आन् नमुना सकाळ-संध्याकाळ, दोन्ही टायमाला."

दुसरा बोर्ड आला. पहिला तापतो, असं दुसऱ्याने कळवलं. म्हणून पंखा बसवला. पंख्याची घरघर झाकायला अंगाईत चार सूर वाढवले. सुरांमुळे भार वाढला, भारामुळे ताप. चौदा रकान्यांचा तक्ता भिंतीवर लागला.

दगडाबाईंनी तो चष्मा लावून पाहिला. "ह्यात पोरगी झोपली का न्हाय, ते कुठं लिवलंय?"

"आई, तो यंत्राचा निकष नाही."

"व्हय का? समदं दूध नमुन्यातच वतलं, तर पोरीला पाजायचं काय?"

माधवीने हे मत तांत्रिक नाही म्हणून बाजूला ठेवलं.

अकराव्या दुपारी बोर्ड उत्तीर्ण झाला. भार एकसष्ट टक्के, तुटलेले सूर शून्य. उरली फक्त अंतिम चाचणी, म्हणजे प्रत्यक्ष बाळावर. माधवी धावत पाळण्याशी गेली, तर पाळणा रिकामा. संस्कृती दगडाबाईंच्या मांडीवर गाढ झोपलेली. त्या नुसत्या थोपटत होत्या, तेही डुलकी घेत घेत.

माधवीने भिंतीकडे पाहिलं. तक्त्यात 'चाचणीपूर्व स्थिती' या रकान्यात 'जागी' असणं अनिवार्य होतं.

तिने पोरीला हलवून उठवलं.

त्यानंतरचा आक्रोश अहवालात 'बाह्य गोंगाट' म्हणून नोंदवला आहे. वाचकहो, हसा खुशाल. फक्त आज सकाळी आपली झोप झाली की नाही, हे मनगटावरच्या घड्याळात बघण्याआधी आपल्याला ठाऊक होतं का, तेवढं कळवा. पंधरावा रकाना त्यासाठीच रिकामा ठेवला आहे.