मार्थाअक्कांचा रविवार

रविवारी मार्थाअक्का सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत. लग्नसराई असो, नाहीतर नवरी दारात येऊन रडो. मशीनवर फुलाफुलांची चादर टाकायची, सकाळी उपासनेला जायचं आणि परत आल्यावर ओट्यावरच्या खाटेवर पाय पसरून पडायचं. कोणी ब्लाऊज मागायला आलं, की पडल्यापडल्याच सांगायचं, "आज सुट्टी शे."

देवपुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून. त्या शिवणकाम करतात, मीही करते. फरक एवढाच, की माझं मशीन सातही दिवस चालतं. मी तासभर कुठे गेले तर माझी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. अक्कांची मात्र सोमवारपर्यंत थांबतात. माझ्या डोळ्यांखाली काळं, अक्कांच्या गालांवर तुकतुकी. त्यात आमचे हे म्हणतात, "अक्का बघ कशा निवांत असतात." तेव्हा कात्री जरा जोरातच चालते माझी.

शिवाय त्या भिंतीवरून हाक मारायच्या, "सुनंदा, ये, बठ जरा." मला वाटायचं, मुद्दाम जळवतात. मी न बघताच सांगायचे, काम आहे.

मागच्या लग्नसराईत एका रविवारी नवरीचा ब्लाऊज अर्धा झाला आणि मोरपंखी दोरा संपला. बाजारातलं दुकान बंद. नाइलाजाने अक्कांकडे गेले. त्या मोबाइलवर भक्तिगीत लावून ओट्यावरच्या पंख्याखाली पडलेल्या. मी दोरा मागितला. "पेटीत शे, तूच काढ. मी हात लावणार नाही," म्हणाल्या.

पेटी उघडता उघडता मनातलं तोंडावर आलंच. म्हटलं, "तुमचं बरंय अक्का. तुम्हाला जमतं."

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी गाणं बंद केलं आणि त्यांचे यजमान वारले तेव्हाचं सांगू लागल्या. लेक लग्न होऊन सुरतला. घर खायला उठायचं, म्हणून त्या पहाटेपासून मशीनवर बसायच्या. चर्चला जाणं कधीच सुटलं होतं. पाय थांबले की रडू यायचं, म्हणून पाय थांबूच द्यायच्या नाहीत. शेवटी बहिणीने हाताला धरून उपासनेला नेलं. शेवटच्या बाकावर बसल्या आणि पहिल्याच गीताला त्यांना झोप लागली. प्रवचन झालं, प्रार्थना झाली, लोक उठले, तरी अक्का घोरतच होत्या. बहीण लाजून हलवायला लागली, तर चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, झोपू द्या. दमलेल्या माणसांनाच प्रभू बोलावतो.

"कितीक महिन्यांनी झोपले मी," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी कळलं, मी थांबले तरी तो मला सांभाळतो. मग रविवार त्याला देऊन टाकला."

माझी जळजळ काही लगेच गेली नाही. उलट वाढलीच, असा सांभाळणारा हिलाच बरा भेटला, असं वाटलं. दोरा घेऊन निघाले तर स्टुलावर दोन कपबश्या दिसल्या, धुऊन पुसून ठेवलेल्या.

"पाहुणे येणार आहेत का?" मी विचारलं.

"नाही. दर रविवारी ठेवते. एखाद्वेळेस कोणी येतं."

"कोण येतं?"

अक्कांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सहा दिवस मशीन बोलतं माझ्याशी. रविवारी प्रभू असतो. पण तो चहा नाही ना पीत, सुनंदा."

भिंतीपलीकडे मोबाइल वाजायला लागला. माझाच, नवरीची आई असणार. मी दोरा स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही उठू नका. चहा मी टाकते."

 अक्का कडेला सरकल्या आणि खाटेवर माझ्यापुरती जागा केली.