लाल झाकणाच्या गोगलगायी

"त्या कोबीला हात लावायचा नाही!"

चेकरकाका स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले. काकूंच्या हातात सुरी होती आणि समोर ओट्यावर चांगला भरगच्च कोबी.

"अहो, चार पानं भाजीत घातली तर काय बिघडणार आहे?"

"तो अनुदानाचा कोबी आहे. लेकीच्या संशोधनाच्या पैशातून आलाय. त्यातलं पान न् पान गोगलगायींचं!"

काकूंनी सुरी खाली ठेवली. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. काका बसवर तिकीट तपासनीस होते, तेव्हा त्यांनी पाकीट घरी विसरून आलेल्या सख्ख्या बायकोला विनातिकीट पकडलं होतं. दंड ठोठावला, तो स्वतःच्या खिशातून भरला आणि वर रीतसर पावती तिच्या हातात ठेवली. ती पावती काकूंनी अजून जपून ठेवली होती, पण ती काही प्रेमापोटी नव्हे.

अशा बापाची लेक विद्यापीठात प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाली आणि नुकतीच संशोधन सचोटी समितीची अध्यक्षही झाली. कोणी प्रयोगाचे आकडे मनाने लिहिले, कोणी अनुदानातून घरचा फ्रिज घेतला, की प्रकरण तिच्यापुढे येणार. काकांनी ही बातमी बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितली. "तपासनिशी आमच्या रक्तातच आहे," असं म्हणताना त्यांची छाती शर्टाच्या बटणांना जड जात होती.

त्यातच प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत गोगलगायींना हलवणं भाग होतं. रीतसर परवानगी घेऊन लेकीने डबे घरच्या मागच्या खोलीत आणून ठेवले. काही डब्यांना हिरवी झाकणं होती, काहींना लाल. रोज सकाळी ती स्वतः पानं वजन करून घालायची आणि मगच कामाला जायची.

"बाबा, या कोबीचं एक पानही इकडचं तिकडे होता कामा नये हं."

"मी असताना?" काका म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

पण दुपारी डब्यांवरून नजर फिरवताना काकांच्या लक्षात आलं की हिरव्या झाकणाच्या गोगलगायी पोटभर खाऊन सुस्त पडलेल्या असतात, आणि लाल झाकणाच्या मात्र रिकाम्या डब्यात खाणं शोधत सरपटत असतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीचं वाटप नीट पाहिलं. लाल झाकणांना निम्मीच पानं! काकांना उलगडा झाला. अनुदान कमी पडलं होतं. बसच्या संपात पगार थांबला तेव्हा त्यांनीही घरात असंच निम्मं निम्मं वाढलं होतं आणि कोणापुढे हात पसरला नव्हता. लेक त्यांच्यावरच गेली होती, ती कशाला बोलून दाखवतेय!

काका पिशवी घेऊन बाजारात गेले आणि आपल्या पेन्शनमधून गाजरं घेऊन आले. लेक गेली की ते पातळ काप करायचे, लाल झाकणांच्या डब्यांत घालायचे आणि संध्याकाळच्या आत उरलंसुरलं उचलून टाकायचे. तिच्या स्वाभिमानाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी काकूंनासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही.

छत दुरुस्त झालं, गोगलगायी परत गेल्या आणि मोजमाप झालं. आठवडाभरात कुलगुरू आनंदाने नाचायचेच काय ते बाकी राहिले. निम्म्या आहारात पूर्ण वाढ!

"सर, मला हे पटत नाहीये," लेक म्हणाली. "वजनकाटा तपासला, ठीक आहे. तरी प्रयोग पुन्हा करून बघते."

"आधी जाहीर करू, मग हवं तेवढं बघत बसा! अनुदान देणारी मंडळी येतायत, पत्रकार येतायत. पुढचं मोठं अनुदान समोर दिसतंय मला."

निष्कर्ष प्राथमिक आहे असं स्पष्ट सांगण्याच्या अटीवर ती तयार झाली.

सभागृहात पहिल्या रांगेत काका कडक इस्त्रीचा कोट घालून बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी दोनदा सांगून झालं होतं, "ती माझी मुलगी." लेकीने पडद्यावर डब्यांचं चित्र दाखवलं.

"लाल झाकणांच्या डब्यांना आम्ही मुद्दाम निम्मा आहार दिला. उपासमारीत वाढ किती खुंटते, हेच तर पाहायचं होतं. पण वाढ खुंटलीच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मुद्दाम?" ते पुटपुटले.

"काय झालं हो?" बाजूला बसलेल्या काकूंनी विचारलं.

काकांनी मनाशी हिशोब केला. गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. लेकीचं नाव होणार होतं, अनुदान मिळणार होतं. उठलं तर भरसभेत तिची मान खाली जाणार होती, आणि तीही बापामुळे. पण कोणी बघत नाही म्हणून तिकीट काढायचं नाही का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लोकांना विचारला होता. काका उठले आणि जुन्या सवयीने गरजले, "गाडी थांबवा!"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मॅडम," त्यांनी स्टेजवरच्या लेकीला हाक मारली, "लाल झाकणवाल्या उपाशी नव्हत्या. मी त्यांना रोज गाजर घालत होतो."

लेकीने कपाळावर हात मारला.

"बाबा! म्हणून विष्ठा केशरी होती होय! मी नोंद करून ठेवलीये, कारण काही सापडत नव्हतं!"

हशा पिकला. तो ओसरल्यावर ती सरळ उभी राहिली. "आत्ता सांगितलेला निष्कर्ष मी मागे घेते."

कुलगुरू लगबगीने तिच्या कानाशी लागले, पण माईक चालूच होता. "मॅडम, घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या."

"सर, गोगलगायी घरात होत्या. पैसा लोकांचा आहे."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हे वाक्य ऐकून त्यांचा ऊर भरून आला. शेजारच्या माणसाला त्यांनी पुन्हा सांगितलं, "ती माझी मुलगी."

चौकशी झाली. तक्रार लेकीनेच लिहून दिली आणि ती अध्यक्षपदावरून तेवढ्यापुरती बाजूला झाली. काका समितीपुढे ताठ बसले.

"अनुदानाचा कोबी वापरलात?"

"एक पान नाही! गाजरं माझ्या पेन्शनची."

"काका, पैशाचा गैरवापर झालाच नाहीये. आकड्यांचा घोळ झालाय."

काकांनी विचार केला. "म्हणजे तिकीट काढलं, पण चुकीच्या बसमध्ये चढलो."

"तसंच समजा."

निकाल लागला. प्रयोग पुन्हा करायचा, खोलीला कुलूप न लावल्याबद्दल लेकीला लेखी समज, आणि वडिलांना गोगलगायींजवळ फिरकायला मनाई. मनाईचा आदेश लेक स्वतः घेऊन आली. "बाबा, मिळाल्याची सही करा." काकांनी चष्मा लावून सही केली आणि दुसऱ्याच दिवशी आदेश फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला.

आलेल्या पाहुण्याला ते हात धरून भिंतीपाशी नेऊ लागले. "वाचा. सख्ख्या बापाला सोडलं नाही तिने!"

काकू चार दिवस हे ऐकत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी कपाटातून पिवळी पडलेली दंडाची पावती काढली, तिलाही फ्रेम करून आणली आणि आदेशाच्या शेजारी खिळा ठोकला.

"आणि ही?" पुढच्या पाहुण्याने विचारलं.

काका चपापले. पण काकू पदर सावरत पुढे आल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताठ मानेने म्हणाल्या,

"ही माझी. लेकीच्या बापाने सख्ख्या बायकोला सोडलं नव्हतं!"