हात्सुएच्या आईचा कोंडा

त्या सकाळी मी शर्टाची बाही वर सारायचा कंटाळा केला. सगळं तिथून सुरू झालं.

मी आणि माझी बायको हात्सुए, आम्ही दोघं नीगाता शहरात परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह सांभाळतो. म्हणजे हात्सुए सांभाळते आणि मी बल्ब बदलतो. ती स्वयंपाक करते, मुलांचा ताप बघते, आणि एखाद्याला घरची आठवण येऊन रडू फुटायच्या बेतात असलं की त्याला कांदा चिरायला बसवते. रडायला कारण मिळतं. मी दारातल्या चपला जोडीनं लावतो, न्हाणीघराचं पाणी तापवतो आणि कचरा वेगळा करतो. (बाटलीचं बूच एका पिशवीत, बाटली दुसऱ्या, बाटलीवरचा कागद तिसऱ्या. मी फारसा शिकलेलो नाही, पण ह्या विषयात कुणीही माझी परीक्षा घ्यावी.) मुलं तिला आई म्हणतात आणि मला आजोबा. वयानं ती माझ्याहून थोडी मोठीच आहे, पण ते असो.

स्वयंपाकघरात ओट्याखाली हात्सुएची चिनी मातीची मोठी बरणी असते. तिच्यात मिठाच्या पाण्यात कालवलेला तांदळाचा कोंडा. संध्याकाळी त्यात काकडी, वांगं, मुळा पुरायचा, सकाळी काढून धुऊन भाताबरोबर खायचा. हा कोंडा रोज तळापासून ढवळावा लागतो. उघड्या हातानं, आणि उन्हाळ्यात दोनदा. नाहीतर तो मरतो. आमच्याकडे तसंच म्हणतात, मरतो. हात्सुएच्या लग्नात तिच्या आईनं आपल्या बरणीतला ओंजळभर कोंडा तिला दिला. त्यातच नवा मिसळत मिसळत तो आजवर चालत आला. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, कोंडा मात्र ठणठणीत होता.

जुलैत आमच्या लेकीच्या, नात्सुकोच्या बाळंतपणासाठी हात्सुए साप्पोरोला निघाली. मला वाटलं, गॅस बंद करा, औषधं घ्या, असं काहीतरी सांगेल. तिनं एकच सांगितलं.

"अहो, बरणीत हात तुमचाच जाऊ द्या. नाहीच जमलं तर फोन करा, मी येते."

लेकीचं बाळंतपण टाकून कोण येतं? मी हसलो. ती हसली नाही.

सुरुवातीला मी इमानानं ढवळलं. तो गार लगदा नखांत जातो आणि हाताचा वास दिवसभर सुटत नाही. (एकदा कचऱ्याच्या गाडीवाला माझ्यापासून चार पावलं लांब सरकला. कचऱ्याच्या गाडीवाला.) आणि मग ती सकाळ आली. मला आळीच्या बैठकीला जायचं होतं, अंगात धुतलेला शर्ट होता, आणि दिल्फुझा चहाचं आधण येण्याची वाट बघत शेगडीपाशी उभी होती. "पोरी, एवढं ढवळतेस का?" मी म्हणालो.

दिल्फुझा समरकंदची. वसंतात आली तेव्हा बोलायला फार सरळ होती. न्हाणीघराच्या दारात उभी राहून प्रत्येक मुलीला विचारायची, सगळ्यांच्या हौदात उतरायच्या आधी अंग धुतलंस ना? मी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, की आमच्याकडे असं विचारत नाहीत. विचारलं की समोरच्याला वाटतं आपल्यावर संशय घेतला. दिसलं तरी न दिसल्यासारखं करावं, माणूस आपणहून नीट वागतो. ती बिचारी लाल झाली, पण शिकली. तिचं बघून बाकीची मुलंही शिकली. (मला शिकवण्यासारखं एवढंच येत होतं. ते मी फार चांगलं शिकवलं.)

तर दिल्फुझानं कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच थांबली. मग रडायला लागली. जवळ कांदाही नव्हता. तिची आजी थंडीआधी काकड्या खारवते, त्या पिंपाचा वास असाच आंबूस, म्हणाली. त्यानंतर ते काम तिच्याकडून काढून घ्यायला मला धीर झाला नाही. मग बोराम नावाची कोरियाची मुलगी आली, तिलाही आजी होती. मग वोइचेख आला. हा पोलंडचा, दारातून वाकून येणारा पोरगा, त्याला तर दोन आज्या होत्या. बोरामनं बरणीत लसूण घातला. वोइचेखनं शेपूची अख्खी जुडी पुरली. मी थांबवायला हवं होतं. पण एरवी खोलीत उभ्या उभ्या पाव खाणारी ही मुलं सकाळी टेबलापाशी बसून कुणाची काकडी जास्त आंबट ह्यावर भांडायला लागली होती. हात्सुएनं फोनवर विचारलं, बरणी कशी आहे? मी म्हणालो, मजेत आहे. ते खोटं नव्हतं. बरणीला एवढी सोबत जन्मात मिळाली नव्हती.

ऑगस्टमध्ये पितरांचे दिवस आले. मी गावी पूर्वजांची थडगी धुवायला निघालो. जाताना दारात सगळ्यांना मिळून म्हणालो, "बरणीचं बघा हं, जमलं तर." सगळे म्हणाले, हो आजोबा. एकाचं नाव घेतलं असतं तर बाकीच्यांना वाटलं असतं, आपल्यावर भरवसा नाही. म्हणून मी कुणाचंच नाव घेतलं नाही.

दिल्फुझाला वाटलं, बोराम ढवळते. बोरामला वाटलं, वोइचेख ढवळतो. वोइचेखला वाटलं, ह्या दोघी असताना आपली लुडबुड कशाला? तिघं रोज त्याच स्वयंपाकघरात भेटत होती. बरणीच्या झाकणाकडे बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही, आणि बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं.

मी परतलो तर दारातच रंगाचा वास. मला वाटलं, मुलांनी मी नसताना भिंती रंगवल्या. मनातल्या मनात त्यांचं कौतुक करत मी आत गेलो आणि झाकण उचललं. वर काळंपांढरं पांघरूण, आणि रंगाचा तो वास तिथूनच, असा की डोळ्यांतून पाणी. त्याच वेळी फोन वाजला. हात्सुए म्हणाली, नात आज पहिल्यांदा आपणहून हसली, मी उद्या निघते. मी एका हातात झाकण धरून म्हणालो, वा.

दुपारी मुलं एकेकटी माझ्या खोलीत आली. प्रत्येकाच्या हातात गोड वड्यांचा डबा. चूक झाली की डबा घेऊन जावं आणि कमरेतून वाकावं, हेही आमच्याकडूनच शिकलेलं. तिन्ही डबे कोपऱ्यावरच्या दुकानातले, तिन्हींवर तेच बगळ्याचं चित्र. मी काय रागावणार? हात्सुएसाठी मलाही एक घ्यावा लागणार होता. मी गेलो तर दुकानदारानं विचारलं, सकाळपासून तुमच्याकडची रीघ लागलीय, कुणी गेलं का?

"सासूबाई," मी म्हणालो.

तो हळहळला. दोन वड्या जास्तीच्या दिल्या.

मग मी बाजारातून तयार कोंड्याची पाकिटं आणली. जुना कोंडा मागच्या अंगणात आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली पुरला. बरणी धुतली, नवा कोंडा भरला, वर कोबीची दोन पानं घातली. रंग अगदी तोच. दिल्फुझा म्हणाली, आजोबा, आईंना खरं सांगा. मी तिला समजावलं, की आमच्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत. (म्हणजे मी अजून शिकवतच होतो.)

हात्सुए आली. पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि पदार्थ बघावा तसं नाही, तर झोपलेल्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा हात बरणीत घातला. आम्ही चौघं भिंतीला लागून उभे. तिचा हात मध्येच थांबला.

"हे कोण?" तिनं विचारलं.

मी घड्याळाकडे बघितलं. बोरामनं घड्याळाकडे बघितलं. वोइचेखनं वाकून आपल्या पायांकडे बघितलं, आणि त्याला ते बरेच लांब असतात.

"आई, तुमचा कोंडा मेला," दिल्फुझा म्हणाली. "आम्ही कुणीच ढवळला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा ढवळतोय, आणि विचारलं कुणीच नाही."

मग मलाही बोलावं लागलं. मुलांचा दोष नाही, मीच त्यांच्यावर सोपवलं, मीच त्यांना विचारायचं नाही असं शिकवलं. डबा पुढे केला. हात्सुएनं हात धुतला. रागावली नाही. (रागावली असती तर मी आज जरा बरा झोपलो असतो.) फक्त विचारलं, कुठे ठेवलात? मी तिला झाडाखाली घेऊन गेलो. उकरलेल्या मातीपाशी ती उकिडवी बसली.

"आई गेली तेव्हा मी रडले नाही, आठवतं?" ती म्हणाली. "लोक म्हणाले, केवढी कठोर. मला वाटायचं, रडायचं कशाला? रोज सकाळी तिच्या हातात हात तर असतो."

एवढी वर्षं मी त्या बरणीतलं खात आलो. हे मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी ती का रडली नाही, हे मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

आता ती विकतच्या कोंड्याला वळण लावतेय. वर्षं लागतील, म्हणते. सध्या काकडी नुसती खारट होते. मुलं निमूटपणे खातात आणि वर पाणी पितात. हात्सुए रोज एक फोड चावते आणि म्हणते, परकी आहे अजून. सकाळी ढवळताना तिची पाठ बघवत नाही. परवा मी धीर केला. तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "उद्यापासून तुझ्याबरोबर मीही ढवळत जाईन. रोज."

तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, आणि अगदी जपून माझ्या मांडीवर परत ठेवला.

"नको," ती म्हणाली. "हात न लावता तुम्ही जुना कोंडा मारलात. हात लावल्यावर काय होईल, ते मला बघायचं नाही."