कुठं काय तळलं

आमच्या शेजारचे गुणवंतकाका रोज सकाळी जीप सुरू करतात, तापू देतात आणि मग उतरून तिच्या मागे जाऊन उभे राहतात. धुराकडे तोंड, डोळे मिटलेले, हात पाठीशी. एक लांब श्वास घेतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात, "आज आलुबोंडा आहे."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पांढरकवड्याला शिकायला येऊन मला दोनच दिवस झाले होते. मला वाटलं, यांना काहीतरी झालं आहे, कुणाला तरी हाक मारायला पाहिजे. कुणाला मारायची ते सुचेना, म्हणून मी खोलीचं दार लावून आत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी "आज मुंगवडा" असं जाहीर केलं आणि समोरच्या टेलरने शिवणयंत्रावरून मान न उचलता "रामराम काका" म्हटलं. तेव्हा कळलं की काळजीचं कारण नाही. मी काळजी करायची थांबवली नाही, ती माझी सवय आहे.

काकांची जीप डिझेलवर चालत नाही. म्हणजे चालते, पण थोडीच. बाकी ती हायवेवरच्या धाब्यांच्या आणि गावातल्या नाश्त्याच्या गाड्यांच्या कढईत उरलेल्या तेलावर चालते. काका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. बावीस वर्षं त्यांनी हीच जीप चालवली आणि ती लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच घेतली. डिझेल पाजून ती पोसणं निवृत्त माणसाला झेपण्यासारखं नव्हतं. मग कुठल्याशा ट्रक ड्रायव्हरने त्यांना तळणाच्या तेलाचं सांगितलं.

तेल आणलं की लगेच टाकीत ओतता येत नाही. ते आठ दिवस डब्यात न हलवता ठेवायचं, म्हणजे पाणी आणि पिठाचा गाळ खाली जातो. मग वरचं वरचं काढून गाळायचं. काका आधी जुन्या सुती लुगड्यातून गाळत. त्यासाठी ते गल्लीतल्या बायकांकडे लुगडं मागायला जात आणि बायका दार लावून घेत. शेवटी त्यांनी जीन्सचा शोध लावला. जुन्या जीन्सचा पाय कापायचा, खालून गाठ मारायची, तेल भरायचं आणि निंबाला टांगायचा. काकांच्या अंगणात निंबाला सहा पाय लटकलेले असतात आणि त्यांतून थेंब थेंब तेल गळत असतं. नवीन पोस्टमन आला होता तो पत्र फाटकातूनच टाकून गेला.

शेवटी तव्याची परीक्षा. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला तर त्यात अजून पाणी आहे. "तवा बोलला नाही पाह्यजे," काका म्हणतात. तवा बोलला तर ते डबा परत उन्हात ठेवतात आणि म्हणतात, "बसू दे त्याले." हे त्यांचं सगळ्यावरचं औषध आहे. नळावर दोन बायकांचं भांडण झालं, बसू दे त्याले. माझा पहिल्या सेमिस्टरचा निकाल कमी लागला आणि मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हाही ते फाटकापाशी येऊन एवढंच म्हणाले.

जीप सुरू होते ती सीटखालच्या डब्यातल्या डिझेलवर. इंजिन तापलं की काका एक खटका फिरवतात आणि तेल सुरू होतं. बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर येऊन नळी धुवावी लागते, नाहीतर तेल नळीतच गार होतं. म्हणून काकांना कुठं थांबायचं ते दोन किलोमीटर आधी ठरवावं लागतं. एकदा मला गावाला जायला उशीर झाला होता. मी बॅग घेऊन रस्त्यावर हात केला, काका माझ्यासमोरून निघून गेले. जाता जाता म्हणाले, "थांब पोरी, फिरून येतो." ते गावाला दोन फेऱ्या मारून आले तोवर मारेगावची बस गेली होती.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आमची मारेगावकडे कपाशी आणि तूर. बाबांना कॉलेजमध्ये काय चालतं ते कळत नाही आणि मला ते नीट सांगता येत नाही. पर्यावरणाचा प्रकल्प करायचा होता तेव्हा बाकीच्यांनी नद्यांचं प्रदूषण घेतलं, मी भीत भीत काकांच्या तेलाचं नाव सांगितलं. मॅडम खूश झाल्या, पण म्हणाल्या, "स्वतः पाहिलेलं, तपासलेलं तेवढंच लिहायचं. बाकी एक वाक्य जरी सापडलं तरी प्रकल्प परत." प्रकल्प परत म्हणजे निकाल अडकणार. फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "भज्याचं तेल लिहून डिग्री देतेत काय?"

काकूंना मात्र फार आनंद झाला. कुणीतरी आपल्या नवऱ्यावर लिहितं आहे हेच त्यांना खरं वाटेना. त्यांचे डोळे अधू आहेत, म्हणून त्यांनी आधीच बजावून ठेवलं, "झालं की पह्यले मले वाचून दाखवजो. मॅडमच्या आधी." मी हो म्हटलं.

मी सगळं लिहिलं. जीन्स, तवा, खटका. आणि सगळ्यात चांगलं जमलेलं पान काकांच्या नाकावर होतं. कोणत्या ठिकाणचं तेल, त्यात काय तळलं, हे ते केवळ वासावरून सांगतात असं मी लिहिलं. टॅक्सी स्टँडवर लोकांनी त्यांच्याच डब्यांतलं तेल हुंगायला देऊन त्यांची परीक्षा घेतलेली मी पाहिली होती. काका कधी चुकले नव्हते.

सोमवारी प्रकल्प द्यायचा होता. शनिवारी सकाळी जीपची पूर्ण फेरी डोळ्यांनी पाहायची म्हणून मी काकांबरोबर निघाले. पौषातली थंडी होती, इंजिन तापायला वेळ लागला. गाव सुटल्यावर काकांनी खटका फिरवला, मी वेळ लिहून घेतली. रुंझा गावाच्या अलीकडे जीपने दोन आचके दिले आणि ती थांबली. काकांनी पुन्हा डिझेलवर घेऊन पाहिलं. काहीच झालं नाही.

काका उतरले, बॉनेट उघडलं आणि फिल्टर खोलला. त्याबरोबर मला बालुशाहीचा वास आला. इतका गोड आणि दाट, की उपाशी पोटी मला भूक लागली. काकांनी फिल्टरमध्ये बोट घातलं, नेहमीसारखं नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"आलुबोंडाच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले. बोटावर पांढरा गोळा होता, गोठलेल्या तुपासारखा.

मिठाईवाल्याकडचं तेल वनस्पती तुपाचं असतं. ते दुपारच्या उन्हात पातळ राहतं आणि थंडीत गोठतं, म्हणून काका ते डबे उन्हाळ्यासाठी वेगळे ठेवतात. हे मीच पान चारवर लिहिलं होतं. टाकी आदल्या दुपारी उन्हात भरली होती.

काकांनी बोट फडक्याला पुसलं. "तू डबे हलवले काय?" त्यांनी विचारलं.

मी हलवले होते. मागच्या रविवारी, फोटोसाठी. भिंतीशी डबे कसेही लावलेले दिसत होते, म्हणून मी ते लहान-मोठे असे ओळीत लावले. ते कसेही नव्हते. काका संध्याकाळी ज्या क्रमाने दुकानं फिरतात, त्या क्रमाने होते. प्रत्येक ठिकाणी ते चहा घेत बसतात, कढईत काय चाललं आहे ते पाहतात, आणि कोणता डबा कुणाचा ते त्यांच्या डोक्यात असतं. मला रडू आलं. मी चुकले म्हणाले, तीन-चारदा म्हणाले.

"तू कायले रडून राह्यली," काका म्हणाले. "नाक माह्यं गेलं आहे."

चार वर्षांपूर्वी त्यांना साथीतला तो ताप आला होता. ताप उतरला, वास परत आला नाही. येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, मग वाट पाहणंही सोडलं. मी विचारलं, मग रोज धुरामागे उभं राहून कशाला सांगायचं? ते जवळच्या टपरीवरून गरम पाण्याची किटली घेऊन आले होते. तूप वितळावं म्हणून फिल्टरवर हळूहळू पाणी सोडत त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न पाहता.

"तुह्यी काकू नैवेद्याच्या आधी काही चाखत नाही. वाटी घेऊन माह्यापाशी येते. मी वास घेऊन मीठ सांगतो. लग्न झालं तवापासून हे चालू आहे. आता मले वास येत नाही म्हटलं, तर तिनं कोणाले विचारायचं?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"बरोबर आहे म्हणतो."

"आणि चुकलं तर?"

"चार वर्षात नाही चुकलं. तिचा हात बसला आहे." किटली रिकामी झाली होती, तरी ते ती तशीच तिरपी धरून उभे होते. "गल्लीत बोंब मारली की तिलेही वाटते, नाक शाबूत आहे."

जीप सुरू व्हायला दोन किटल्या आणि तासभर ऊन लागलं. परत येताना काका एकदाच बोलले. माझ्या प्रकल्पात आता खोटं राहिलं, हे त्यांच्याच लक्षात आलं. "ते नाकाचं पान खोड. आठवणीनं सांगतो म्हणून लिही, खरं आहे ते. फक्त काकूले नको वाचून दाखवू." मी बरं म्हटलं.

त्या दिवशी मी ते पान फाडलं आणि नवीन लिहिलं. त्यात लिहिलं की वास येत नसतानाही केवळ स्मरणावर ते तेल ओळखतात. मला ते पहिल्या पानापेक्षा मोठं वाटलं. पण काकूंना वाचून दाखवणार असा मी शब्द दिला होता आणि वाचून दाखवणार नाही असाही दिला होता. हे पान गाळून वाचावं, तर काकू नाकाचं काय झालं म्हणून विचारणार. खोटं वाचावं, तर माझा आवाज कापतो, लगेच कळतं.

रविवारी सकाळी काकूंनीच हाक मारली. पौषातला रविवार, सूर्याचा नैवेद्य होता. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि वाचायला लागले. जीन्सच्या पायांना काकू हसल्या, तव्यालाही हसल्या. ते नवीन पान आलं आणि मी थांबले. पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"वाच ना," काकू म्हणाल्या.

मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. मी सगळा गिलास प्यायले आणि तरी मला वाचता येईना.

काकूंनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे काका पेपर वाचत होते. त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाकाचं लिहिलं काय?"

मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही.

"मले माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तापातून उठले त्याच महिन्यात एकदा भाजीत मीठच टाकायचं विसरली मी. वाटी नेली. बरोबर आहे म्हणाले." त्यांनी मिठाच्या बरणीत हात घालून खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं टोपण काढून दाखवलं. "तवापासून मी मापानं टाकते. एका भाजीले एक. चुकाचं काम नाही."

"मग वाटी कशाला नेता, काकू?"

"नाही नेली तर त्याईले समजंन ना."

मग त्यांनी टोपण परत बरणीत टाकलं. "तू खरं ते लिही. मॅडम परत पाठवीन नाहीतर. फक्त मले वाचून दाखवलं म्हणून त्याईले सांगू नको."

पुढे मॅडमनी त्या पानावर एक प्रश्नही विचारला नाही. त्यांनी फक्त विचारलं की जीन्स कोणत्या कंपनीची चांगली.

त्या सकाळी काकूंनी वांग्याच्या भाजीची वाटी भरली, पदराने धरली आणि बाहेर गेल्या. मी वही छातीशी घेऊन दारात उभी राहिले. काकांनी पेपर बाजूला ठेवला, वाटी घेतली, आणि वाटीवरून माझ्याकडे पाहिलं. ते घाबरलेले होते. मी खाली फरशीकडे पाहायला लागले, कारण माझ्या तोंडावर काय दिसत असेल याची मला खात्री नव्हती.

"पाहा बरं," काकू म्हणाल्या. "मले वाटते आज कमी पडलं."

काकांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले.

"नाही नाही," मग ते म्हणाले. "बरोबर आहे."

"तुम्ही म्हणता तर असंन," काकू म्हणाल्या आणि वाटी घेऊन देवापाशी गेल्या.