हौशाचा भाऊ

सत्काराला निघायचे म्हणून गहिनीनाथने दार उघडले, तर नगरच्या त्याच्या भाड्याच्या खोलीपुढे वडील उभे होते आणि त्यांच्या हातातल्या कासऱ्याला हौशा बैल होता.

“नाना, ह्याला इथं कशाला आणलं?”

“कडब्याची काडी उरली न्हाई, म्हनून घोडेगावच्या बाजारात नेल्ता. रुमालाखाली बोटं धरून सौदा हुतच आल्ता. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा मास्तर जावई नाव ऐकून म्हनला, ‘ह्यो दिवाळी अंकातला हौशा न्हवं? नांगराला जुपला की बसनारा?’ झालं! गिऱ्हाइकानं बोटं काढून घेतली. आता खाटकाबिगर कुनी इचारीना.”

गहिनीनाथ कचेरीत कारकून होता. लिहायला बसला की त्याला शेतच आठवे, आणि शेतातून सुटका झालेली असल्यामुळे फार गोड आठवे. हौशा माझा भाऊच, असे त्याने दिवाळी अंकातल्या लेखात लिहिले होते. नांगराच्या भर तासात बसला की मी कानात बोलायचो आणि तो उठायचा, असेही लिहिले होते. ते वाचून नगरातल्या कित्येकांनी डोळे पुसले. पुसायला काय जाते!

“भाऊ लिवलास न्हवं? मग पाऊस पडंस्तवर ठिव भावाला.”

“अहो नाना, घरमालक मलाच कसाबसा ठेवतोय!”

इतक्यात सत्कारवाले आबासाहेब टांगा घेऊन बोळात आले. घोडा पाहून की काय, हौशा टांग्यापुढेच आडवा बसला. टांगा पुढे सरकेना, बोळात वळेना. आबासाहेब मात्र गहिवरले.

“हाच का तो? बोला ना कानात!”

गहिनीनाथ कानात बोलला. पुन्हा बोलला. हौशाने नुसता कान झटकला.

“कानात?” नाना म्हणाले. “शेपटी चावायचास की लेका! रडत रडत. अन् मागं मी आसूड घिऊन. ते का न्हाई लिवलंस?”

सत्काराची वेळ टळत चालली होती. इस्त्रीच्या पायजम्यानिशी गहिनीनाथ गुडघ्यांवर बसला आणि कडकडून चावला. हौशा ताडकन उठला. आबासाहेब दुसरीकडे बघू लागले.

नानांनी कासरा ओढला.

“कुठं नेता?”

“खाटकाकडं. त्यो काय वाचीत न्हाई.”

थांबवावे असे गहिनीनाथला फार वाटले. पण आबासाहेब घाई करत होते, आणि तो टांग्यात बसला.

सभेत हार घातल्यावर लोकांनी त्याला भावाचा उतारा वाचायला लावला. वाचताना तो मध्येच अडखळला, तसे पुन्हा सगळ्यांनी डोळे पुसले. त्याच्या दातांत शेपटीचा केस अडकला होता आणि चारचौघांत तो काढता येत नव्हता.