पांढरीच्या दातांची चौकशी

श्रीकृपेकरून पृथ्वीवर अनेक राज्ये उदयास आली, अनेक लयास गेली, तख्ते फुटली, किल्ले जमीनदोस्त जाहले, आणि त्या सर्वांच्या हकीकती थोर थोर लेखनकर्त्यांनी लिहून ठेविल्या. परंतु कसबे भिंगार येथे खंडेनवमीस जो प्रसंग गुदरला त्यास तोड नाही, आणि तो प्रसंग एका लिंबाएवढ्या दातेरी चाकावरून गुदरला.

त्याचे वर्तमान ऐसे की, राजश्री बिभीषणराव, लष्करी भांडाराचे माजी कारकून, पेन्शनीत आसूदा असता त्यांचे पदरी पांढऱ्या रंगाची, पोटाने थोर, पेट्रोलवर चालणारी एक पुरातन मोटार होती. तीस घरात पांढरी ऐसे म्हणत. तिने वऱ्हाडे वाहिली, बाळंतिणी आणिल्या, एकवार म्हशीचे रेडकूही आणिले. मग श्रावणमासी शेवगावी वास्तुशांतीस जाता करंजीच्या घाटात पांढरीने तोफेसारखा बार काढिला आणि बसकण मारिली. आत बिभीषणरावांचे कुटुंब सौभाग्यवती सत्यशीलाबाई पैठणी नेसून विराजमान होत्या. त्यांस परतीची मजल पांढरीस दोराने ओढणाऱ्या कांद्याच्या टेम्पोत, गोणीवर बसून करणे प्राप्त जाहले.

वाड्यात, म्हणजे दोन खोल्यांत आणि अंगणात, पाऊल पडताच बाईंचा हुकूम सुटला की, दसऱ्याचा दिवस मावळेपावेतो ही मोटार आपल्या पायांनी फाटकाबाहेर न गेली तर भंगारवाले अमृतशेट यांचे हवाली करावी आणि तिचे जागी पाण्याची टाकी बसवावी. हुकमास अपील नाही. बिभीषणरावांनी आधी गणपती जाऊ दिले, मग पितृपंधरवडा जाऊ दिला, आणि गनीम, म्हणजे दसरा, दाराशी आला तेव्हा मसलतीस बसले.

प्रथम भिंगारचे कारभारी मिस्त्री यांस पाचारण जाहले. त्यांनी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यांस ज्याची त्यास वेळेवर ठिणगी देणारा जो वाटणीदार, त्याचे टोपण काढिले आणि आतील रोटर चिमटीत धरून हलविला, तो पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगला. वाटणीदार डुगडुगतो म्हणून ठिणगी अवेळी पडते, आणि ठिणगी अवेळी पडते म्हणून घाटात तोफा सुटतात, इतके शाबीत जाहले. आता वाटणीदाराचे दांड्याचे बुडाशी जे दातेरी चाक, ते झिजले किंवा कसे, हाच सवाल उरला. आणि सवाल प्राणांतिक होता. कारण तसले चाक नगरात नाही, पुण्यात नाही, कोठेच नाही. झिजले तर पांढरीची इतिश्री.

इतक्यात कोपरगावाहून कुमक आली. बिभीषणरावांचे साडू कानिफनाथराव, साखर कारखान्यात उभी हयात फिटरकीत गेलेले, दसऱ्यानिमित्त पातले. त्यांनी चाक उन्हात धरिले, एक डोळा मिटिला आणि निकाल दिला की, दात चकाकतात, सबब झिजले.

यावर कारभारी मिस्त्री म्हणाले, "चकाकी म्हंजी झीज न्हाई, दाजी. रोज दाताला दात लागतोय, चकाकनारच की."

"आमच्या मिलच्या गिअरचा एकेक दात तळहाताएवढा. लई दात बघितलेत मी."

"मग ह्यात ऊस घालून बघा."

येणेप्रमाणे दोन सरदारांत बिनसले आणि फौज, म्हणजे बिभीषणराव, मध्येच अडकली.

मग कारभारींनी तोड काढिली की, दातांस लाल रंग माखावा, चाक दांड्यासकट जागी बसवावे, हँडल मारून इंजिन फिरवावे आणि चाक पुन्हा बाहेर काढावे. जेथील रंग पुसला गेला तेथे दात लागतो. पट्टा दाताचे पोटावर उमटला तर चाक निरोगी. कडेवर उमटला आणि कड पात्यासारखी धारदार लागली, तर चाक मेले. मसलत सर्वांस मानवली, परंतु लाल रंग कोठला? तेव्हा बिभीषणरावांनी देवघरावर छापा घालून कुंकू पळविले आणि वाटीत तेलाशी खलले. चाक माखले, बसविले, फिरविले, काढिले आणि पाटावर ठेविले. दोघे सरदार गुडघे टेकून वाकले.

ऐन त्या समयी सत्यशीलाबाई तबक घेऊन आल्या. खंडेनवमी ती, घरातील हत्यारे पुजण्याचा दिवस. त्यांनी हातोडीस कुंकू लाविले, पान्यास लाविले, विळी-कोयत्यास लाविले, आणि कारभारी "वैनी, वैनी, थांबा" म्हणेपावेतो दातेरी चाकास हळद लाविली, कुंकू लाविले, आणि तेवढ्याने समाधान न होऊन अंगठ्याने दातादातांत दाबून भरिले. सारा पुरावा सौभाग्यवती होऊन बसला.

बिभीषणराव कसेबसे म्हणाले, "अगं, तूच तर हिला भंगारात घालायला निघालीस."

"घालीन उद्या," बाई म्हणाल्या. "आज खंडेनवमीला घरातलं लोखंड कोरडं ठेवू व्हय? बाळ्याला घेऊन हिच्यातूनच आले हुते मी दवाखान्यातून." आणि चाकावर झेंडूचे फूल ठेवून निघून गेल्या.

आता पुजलेले हत्यार त्या दिवशी हलवू नये, ऐसा रिवाज. सबब चौकशी तहकूब जाहली. दुपारी अमृतशेट टेम्पो घेऊन वायद्याच्या आधीच दाखल जाहले, की उद्या दसऱ्याची गर्दी, आजच नेतो. बिभीषणराव पांढरीआड लपले. परंतु सत्यशीलाबाईंनी फाटकात उभे राहून विचारिले, "टेम्पो पुजला का, अमृतभाऊ?"

"पुजला की वैनी, सकाळीच."

"मग आज हलवला कशाला?"

या माऱ्यापुढे अमृतशेटांचा टिकाव लागला नाही. ते टेम्पो तेथेच सोडून पायी माघारे गेले.

दसऱ्याचे प्रातःकाळी बाईंनी आपण होऊन कुंकवाचा करंडा बॉनेटवर आणून आदळला आणि फर्माविले, "बघा काय बघायचं ते एकदाचं." मग चाक पुसोन पुन्हा माखले, फिरविले, काढिले. पट्टा दातांचे ऐन पोटावर, रुंद आणि एकसारखा. कडा बोथट, बोटास न बोचणाऱ्या. कारभारींनी चाक साडूंचे हाती दिले. कानिफनाथरावांनी दोन्ही डोळे उघडून पाहिले आणि कबूल केले की, दात शाबूत.

मग डुगडुगते काय? तेव्हा कानिफनाथरावांनी एका हाती चाक आवळिले, दुजे हाती दांडा पिळिला, तो चाक जागी आणि दांडा डुलतो! चाक दांड्यास जखडणारी बारीक पिन झिजून कमरेत बारीक जाहली होती. दात इमानी, पिन फितूर. कारभारींनी साडूंची पाठ थोपटून डब्यातून बेताची पिन शोधिली आणि ठोकली.

मग पांढरीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि गर्जत उठली. दिवस कलता सत्यशीलाबाई तीच पैठणी नेसून पुढील आसनावर बसल्या, आणि पांढरी फाटक ओलांडून, वेस ओलांडून, नाक्याला वळसा घालून, एकही तोफ न डागता सीमोल्लंघन करून परतली. टाकी गच्चीवर बसवावी, ऐसा नवा हुकूम वाटेतच सुटला.

येणेप्रमाणे दातांची चौकशी पुरी होऊन, चाक निर्दोष सुटून, फत्ते जाहली, हे पुढिलांस ठाऊक असावे म्हणून लिहिले. याउपरी सत्यशीलाबाईंचे सांगणे इतकेच की, करंडा ज्याने कोणी बॉनेटवरून उचलून नेला असेल त्याने ग्रीस पुसून आत्ताच्या आत्ता आणून द्यावा. बायका सोनं घेऊन दारात उभ्या आहेत.